संसर्ग, संमती आणि शिक्षा

रायपूरच्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाला शहरात सगळे ‘मेकाहारा’ म्हणतात. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतले गरीब रुग्ण मोठ्या आजारासाठी याच सरकारी रुग्णालयाची वाट धरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे एका नवजात बाळाजवळ एक फलक लावलेला दिसला. बाळाची आई एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, असं त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल असं लिहिलं होतं. बाळाला पाहायला आलेल्या बापाने तो फलक पाहिला आणि त्याला रडू कोसळलं.

वृत्तपत्रात ही बातमी आली आणि बिलासपूरच्या छत्तीसगड उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती रमेश सिन्हा यांच्या खंडपीठाने, तिची स्वतःहून दखल घेतली. हे वर्तन अमानवी, असंवेदनशील आणि अनैतिक आहे, असं न्यायालयाने सुनावलं. राज्याच्या मुख्य सचिवांकडून शपथपत्र मागवलं आणि पुढे त्या दांपत्याला दोन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

अशी बातमी वाचली की पुष्कळ लोकांच्या मनात एक प्रश्न येतो. गुपित राखण्याचा हक्क ठीक आहे. पण एखाद्याला आपल्याला एचआयव्ही आहे हे ठाऊक आहे, तरी तो जोडीदाराला अंधारात ठेवून संबंध ठेवतो, तर त्याला शिक्षा नको का? प्रश्न रास्त आहे. ज्यांची अशी फसवणूक झाली आहे, त्यांच्या वेदनेतून तो आलेला आहे. इथे त्याचं उत्तर शोधायचं आहे. ते शोधताना लक्षात येईल की मेकाहारातला फलक आणि जोडीदारापासून लपवलेला आजार या वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच धाग्याने बांधलेल्या आहेत.

विषाणू कसा पसरतो, कसा थांबतो

कायद्याकडे जाण्याआधी शरीराकडे जावं लागतं, कारण ‘धोक्यात घालणं’ याचा अर्थ विज्ञानच ठरवतं.

एचआयव्ही शरीराबाहेर फार काळ टिकत नाही. रक्त, वीर्य, योनिस्राव, गुदद्वारातील स्राव आणि आईचं दूध, एवढ्याच द्रवांतून तो दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. थुंकी, घाम, डास, एकत्र जेवण, एकच संडास यांतून पोहोचत नाही. उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी असुरक्षित संबंध आला, तर योनिमार्गातून स्त्रीला संसर्ग होण्याचा सरासरी धोका दर १०,००० वेळांमागे सुमारे ८ आहे आणि पुरुषाला सुमारे ४. गुदमैथुनात ग्रहण करणाऱ्या व्यक्तीला तो सुमारे १३८ पर्यंत जातो, तर दूषित सुई वापरल्यास सुमारे ६३. हे आकडे लहान दिसतात म्हणून निर्धास्त राहता येत नाही. संसर्ग नवा असतो तेव्हा, पहिल्या काही आठवड्यांत, रक्तातला विषाणू प्रचंड वाढलेला असतो आणि धोका कित्येक पटींनी जास्त असतो. या काळात त्या माणसाला आपण बाधित आहोत हे बहुधा ठाऊकच नसतं.

औषधांनी हे चित्र पार बदललं. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत विषाणूरोधक औषधं मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर चाचणी पॉझिटिव्ह आली की लगेच उपचार सुरू करायचं धोरण आलं. गोळ्या नियमित घेतल्या तर साधारण सहा महिन्यांत रक्तातला विषाणू, म्हणजे व्हायरल लोड, इतका खाली जातो की चाचणीत सापडत नाही. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही.

या निष्कर्षात महाराष्ट्राचाही वाटा आहे. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नाही, अशा १,७६३ जोडप्यांचा नऊ देशांत मोठा अभ्यास झाला. त्यातली काही जोडपी पुण्याची आणि चेन्नईची होती, आणि पुण्यातलं काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने केलं. लवकर सुरू केलेल्या उपचारांनी जोडीदाराकडे जाणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असा निकाल २०११ मध्ये जाहीर झाला. पुढे युरोपातल्या अभ्यासात, व्हायरल लोड दबलेला असताना जोडप्यांनी कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध ठेवले, तरी त्या जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही.

आई आणि बाळाच्या बाबतीतही हेच. काहीच उपचार नसतील तर १५ ते ४५ टक्के बाळांना संसर्ग होऊ शकतो. गरोदरपणात चाचणी, आईला औषधं आणि जन्मानंतर बाळाला औषध, एवढं झालं की हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. त्यासाठी एक अट आहे: आईने रुग्णालयात यायला हवं आणि परत परत यायला हवं.

दीडशे वर्षांचं कलम

जाणूनबुजून संसर्ग पसरवण्यासाठी भारतात एचआयव्हीचा वेगळा फौजदारी गुन्हा नाही. वापरली जातात ती जुनी सर्वसाधारण कलमं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत २६९ आणि २७० ही कलमं होती. जिवाला धोकादायक रोगाचा संसर्ग पसरण्याची शक्यता आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, निष्काळजीपणे कृत्य करणाऱ्याला २६९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. आणि तेच कृत्य दुष्ट हेतूने करणाऱ्याला २७० खाली दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा हीच कलमं २७१ आणि २७२ झाली. शब्द आणि शिक्षा जवळपास त्याच राहिल्या. त्याआधी, कोविडच्या काळात, जुनी कलमं बातम्यांतून सर्वांच्या कानावर आली होती.

ही कलमं लिहिली गेली ती देवी आणि पटकीसारख्या साथींच्या काळात. शरीरसंबंधातून होणाऱ्या रोगाला ती लावायची का, हा प्रश्न लवकरच उभा राहिला आणि तो मुंबईतच उभा राहिला. १८८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘राणी-सम्राज्ञी विरुद्ध रखमा’ हा खटला आला. रखमा वेश्याव्यवसाय करणारी स्त्री होती. तिला उपदंश होता आणि तिच्याकडून तो आपल्याला झाला, अशी एका पुरुषाची तक्रार होती. संसर्ग झाला तो तक्रारदाराच्या स्वतःच्या सहभागाशिवाय होऊच शकला नसता, त्यामुळे कलम २६९ इथे लागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र तिने आपण निरोगी असल्याचं खोटं सांगून त्याला भुलवलं असेल, तर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो, असंही नमूद केलं.

या निकालात एक महत्त्वाची रेषा आखली गेली. दोन प्रौढ माणसं आपखुशीने जवळ येतात तेव्हा जबाबदारी दोघांवर असते; पण खोटं बोलून दुसऱ्याची संमती मिळवली, तर तिथे फसवणूक सुरू होते. रोग असणं, रोगाबद्दल गप्प राहणं, आणि विचारल्यावर धडधडीत खोटं सांगणं, या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. आजही या विषयावरची बहुतेक भांडणं या पायऱ्या एकमेकींत मिसळल्याने होतात.

भीतीच्या काळातले निकाल

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांनी लावला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत औषधं बहुतेकांच्या आवाक्यात नव्हती आणि भीती अफाट होती. त्या भीतीचा पहिला मोठा बळी गोव्यात गेला. म्हापशाजवळच्या, नेहमी रक्तदान करणाऱ्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात १९८९ मध्ये एचआयव्ही सापडला. त्याने कुणाचंही काही बिघडवलेलं नव्हतं. तरी गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्याला उचललं आणि क्षयरोग्यांसाठी असलेल्या जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटं डांबून ठेवलं. त्याची आई ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. तो घरी परतला, पण अशा रुग्णांना वेगळं ठेवण्याची तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरवली. डॉमिनिकने उरलेलं आयुष्य बाधितांच्या हक्कांसाठी लढण्यात घालवलं आणि १९९२ मध्ये तो गेला.

त्यानंतर १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ हा निकाल दिला. एका रुग्णालयाने रक्तदात्याचा एचआयव्ही अहवाल बाहेर जाऊ दिला होता, त्यामुळे त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्याने नुकसानभरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. होणाऱ्या पत्नीच्या जिवाला धोका असेल तर गुप्ततेचा हक्क मागे सरतो, असं सांगून न्यायालय पुढे गेलं: अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित राहतो आणि जाणूनबुजून लग्न केल्यास २६९, २७० खाली तो दोषी ठरू शकतो. या वाक्यांनी देशभर खळबळ माजली. होणाऱ्या पत्नीला सगळं ठाऊक असेल आणि तरीही तिची तयारी असेल तर? दोघेही बाधित असतील तर? अखेर १० डिसेंबर २००२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलं की लग्नाच्या हक्काबद्दलची ती निरीक्षणं त्या प्रकरणासाठी आवश्यकच नव्हती.

याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने दुसरी वाटही दाखवली. एका सार्वजनिक उपक्रमातल्या कामगाराला केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारलं गेलं होतं. न्यायालयाने त्याला टोपणनावाने खटला लढू दिला आणि काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला या कारणावरून डावलता येणार नाही, असा निर्णय १९९७ मध्ये दिला. न्याय मागण्यासाठी आधी चारचौघांत स्वतःला उघडं करावं लागत असेल तर कुणी न्याय मागायला येणार नाही, हे या निकालाने ओळखलं होतं.

२०१७ चा कायदा काय म्हणतो

या सगळ्या अनुभवातून ‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७’ तयार झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. आपल्या प्रश्नाचं उत्तर या कायद्याच्या तीन कलमांत आहे.

कलम ८ सांगतं, न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज कुणालाही स्वतःची एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येणार नाही आणि दुसऱ्यानेही ती त्या व्यक्तीच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय सांगायची नाही. उपचार करणाऱ्या एका आरोग्य कर्मचाऱ्याने दुसऱ्याला उपचारासाठी आवश्यक तेवढं सांगणं याला मुभा आहे. भिंतीवर, खाटेवर किंवा बाळाजवळ फलक लावायला कुठेही मुभा नाही.

कलम १० बाधित व्यक्तीचं कर्तव्य सांगतं. ज्याचं समुपदेशन झालं आहे किंवा ज्याला एचआयव्ही कसा पसरतो हे माहीत आहे, अशा प्रत्येक बाधिताने संसर्ग दुसऱ्याला होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेतली पाहिजे. ती काळजी म्हणजे धोका कमी करणारे उपाय योजणं, किंवा शरीरसंबंधाआधी अथवा सुई वाटून घेण्याआधी आपली स्थिती सांगणं. कायदा इथे ‘किंवा’ म्हणतो, हे लक्षात घ्यावं. सांगणं हा एक मार्ग आहे; कंडोम हाही मार्ग आहे. याच कलमात स्त्रीसाठी अपवाद ठेवलेला आहे: सांगितल्यामुळे मारहाण, घराबाहेर काढलं जाणं किंवा तिच्या, तिच्या मुलांच्या सुरक्षिततेला गंभीर धोका अशी सार्थ भीती असेल, तर शरीरसंबंधाबाबतचं हे बंधन तिला लागू होत नाही. आणि या कलमाच्या भंगासाठी या कायद्यात कुठलीही शिक्षा सांगितलेली नाही.

कलम ९ मधल्या वाटेचं आहे. बाधित व्यक्ती जोडीदाराला सांगतच नसेल तर? डॉक्टर किंवा समुपदेशक सांगू शकतो, पण पायऱ्या चढून. जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे अशी त्याची खात्री हवी. बाधिताला सांगण्याविषयी समुपदेशन झालेलं हवं. तो सांगणार नाही हे स्पष्ट झालेलं हवं. ‘आता मी सांगणार आहे’ हे बाधिताला आधी कळवलेलं हवं. मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. स्त्रीच्या जोडीदाराला सांगितल्यास तिच्यावर हिंसाचार होण्याची भीती असेल तर डॉक्टरनेही सांगायचं नाही.

म्हणजे जोडीदाराला वाचवायची जबाबदारी कायद्याने विसरलेली नाही. ती पोलीस ठाण्याऐवजी समुपदेशकाच्या खोलीत ठेवली आहे. वीस किंवा त्याहून अधिक माणसांच्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी आणि प्रत्येक राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. लोकपालाचा आदेश न पाळणाऱ्याला दंड होतो. बाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते.

न्यायालयात काय सिद्ध करायचं?

आता न्याय संहितेची कलमं प्रत्यक्षात लावून पाहू. त्या वेळी आरोपीला संसर्ग होता, तो त्याला ठाऊक होता किंवा ठाऊक असायला कारण होतं, आणि त्याच्या कृत्याने संसर्ग पसरण्याची शक्यता होती, हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. २७२ साठी त्यावर दुष्ट हेतूही दाखवावा लागतो. संसर्ग प्रत्यक्ष झालाच पाहिजे अशी अट या कलमांत नाही. पण ज्याचा व्हायरल लोड दबलेला आहे त्याच्या बाबतीत ‘पसरण्याची शक्यता’ हा पायाच उरत नाही. आरोपीच्या एआरटी केंद्रातल्या नोंदी त्यामुळे सर्वांत महत्त्वाचा पुरावा ठरतात.

दुसरी अडचण दिशेची. दोघेही बाधित निघाले, तर कुणाकडून कुणाला? दोघांच्या विषाणूंच्या जनुकीय रचनेची तुलना करून ते विषाणू परस्परांशी संबंधित नाहीत, हे ठामपणे म्हणता येतं. पण ते संबंधित असले तरी याच्याकडूनच तिला गेला, हे केवळ त्या चाचणीवरून सिद्ध होत नाही. दोघांना तिसऱ्याकडूनही मिळालेला असू शकतो. २०१८ मध्ये जगभरातल्या वीस शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन न्यायालयांना नेमका हाच इशारा दिला. विषाणूच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेल्या फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी त्यांत होत्या.

तिसरी अडचण आपल्या घरांतली आहे आणि ती सर्वांत क्रूर आहे. कुटुंबात आधी चाचणी कुणाची होते? गरोदर बाईची. ती दवाखान्यात जाते, रक्त तपासलं जातं, आणि संसर्ग नवऱ्याकडून आलेला असला तरी घरात ‘पहिली पॉझिटिव्ह’ तीच ठरते. ‘ज्याला आधी ठाऊक होतं तो गुन्हेगार’ असा नियम केला, तर त्याचा पहिला वार तिच्यावर बसेल. सिएरा लिओनने २००७ मध्ये केलेल्या कायद्यात तर गर्भाला संसर्गाच्या धोक्यात घालणाऱ्या आईलाही गुन्हेगार ठरवलं होतं. पुढे तो बदलावा लागला.

आरोप हे हत्यार कसं होतं, हे महाराष्ट्रातही दिसलं आहे. पुण्याच्या एका पतीने पत्नी एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं सांगून घटस्फोट मागितला होता. ती बाधित असल्याचा काहीही पुरावा नाही, असं सांगत २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली.

गंभीर गुन्ह्यातही न्यायालयांना तोल सांभाळावा लागतो. दिल्लीत बाधित असलेल्या एका माणसाने सावत्र मुलीवर बलात्कार केला. खालच्या न्यायालयाने बलात्काराबरोबरच खुनाच्या प्रयत्नाबद्दलही त्याला दोषी ठरवलं. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बलात्काराची शिक्षा कायम ठेवली, पण खुनाच्या प्रयत्नाचा ठपका काढला: केवळ बाधित असताना संबंध ठेवले यावरून जिवे मारण्याचा हेतू गृहीत धरता येत नाही. इथे संमतीचा प्रश्नच नव्हता आणि शिक्षा झालीच पाहिजे होती. ती बलात्काराबद्दल झाली. बालकांवरील अत्याचाराच्या बाबतीत पॉक्सो कायदा आणखी कठोर आहे: अत्याचारातून मुलाला एचआयव्ही झाला, तर तो गुन्हा अधिक गंभीर स्वरूपाचा मानला जातो आणि किमान वीस वर्षांची शिक्षा आहे.

जग काय शिकलं

आपल्याआधी अनेक देशांनी कठोर फौजदारी वाट चालून पाहिली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका पुरुषाला २००९ मध्ये २५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्याने कंडोम वापरला होता, त्याचा व्हायरल लोड दबलेला होता आणि जोडीदाराला संसर्ग झालाच नव्हता. गुन्हा एवढाच की त्याने सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि त्याच वर्षी आयोवाने कायदा बदलला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये शिक्षा खूप कमी केली, इलिनॉयने २०२१ मध्ये हा गुन्हाच रद्द केला, झिंबाब्वेने २०२२ मध्ये. कंडोम आणि दबलेला व्हायरल लोड दोन्ही असतील तर सांगितलं नाही म्हणून गुन्हा होत नाही, असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाची शिफारस वर्षानुवर्षं हीच आहे: ज्याने जाणूनबुजून, इजा करायच्याच हेतूने संसर्ग दिला आणि तो खरोखर झाला, तिथेच फौजदारी कायदा वापरा.

असा माणूस असतो का? क्वचित असतो. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या एका तरुणाने उपचार नाकारले, कंडोम मुद्दाम फाडून ठेवले, पाच पुरुषांना संसर्ग दिला, आणखी पाच जणांना द्यायचा प्रयत्न केला आणि नंतर त्यांना डिवचणारे संदेश पाठवले. २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्यासाठी वेगळा एचआयव्ही कायदा लागला नाही. इंग्लंडच्या १८६१ सालच्या, शारीरिक इजेच्या साध्या कायद्याने त्याला गाठलं. आपल्याकडेही फसवणूक, इजा, बलात्कार, पॉक्सो आणि २७२ ही साधनं अशा माणसासाठी पुरेशी आहेत.

फसवल्या गेलेल्या जोडीदाराने काय करावं

ज्याला किंवा जिला आत्ताच कळलं आहे की जोडीदार बाधित आहे आणि उपचार घेत नाही, त्यांच्यासाठी पोलीस ठाण्याआधी दवाखाना. शेवटच्या धोकादायक संबंधाला ७२ तास झाले नसतील, तर संसर्ग टाळणारी औषधं सुरू करता येतात; ती २८ दिवस घ्यावी लागतात, आणि जितकी लवकर सुरू होतील तितकी चांगली. त्यासाठी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा एआरटी केंद्रात थेट जावं. चाचणी लगेच करावी आणि डॉक्टर सांगतील त्या वेळी पुन्हा करावी, कारण अगदी नवा संसर्ग पहिल्या चाचणीत सापडत नाही.

त्यानंतर कायदा. पत्नीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. आरोग्य धोक्यात घालणं हे त्यातल्या हिंसेच्या व्याख्येत बसतं, आणि त्याखाली संरक्षण, निवारा, खर्च आणि भरपाई मागता येते. खोटं सांगून, खोटे अहवाल दाखवून संबंध किंवा लग्न घडवून आणलं असेल तर फसवणुकीची फिर्याद करता येते. न्यायालयात ओळख लपवून, टोपणनावाने, बंद दाराआड सुनावणी मागण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने बाधित व्यक्तीला आणि तिच्यासोबत राहणाऱ्यांनाही दिला आहे. वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

निष्कर्ष

भारतात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतल्या बहुसंख्यांना आपली स्थिती माहीत आहे आणि ते औषधं घेत आहेत. त्यांच्याकडून जोडीदाराला असलेला धोका गोळ्यांनी संपवला आहे. खरा धोका आहे तो ज्यांनी चाचणीच केलेली नाही त्यांच्याकडून, आणि भीतीमुळे उपचार सोडलेल्यांकडून. फौजदारी धाक या दोघांनाही रुग्णालयापासून आणखी दूर लोटतो. चाचणी केली तर ‘ठाऊक होतं’ हा पुरावा तयार होतो. मग चाचणीच कशाला करायची, असा हिशेब माणूस मनातल्या मनात मांडतो. तोच हिशेब, आपलं गुपित रुग्णालयात भिंतीवर लागेल या भीतीनेही मांडला जातो. जिथे गुप्तता मोडते तिथे सांगणं थांबतं, सांगणं थांबलं की उपचार थांबतात, आणि उपचार थांबले की जोडीदार उघड्यावर पडतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जो खोटं बोलून, इजा करायच्या हेतूने संसर्ग देतो, त्याला आहे त्या कायद्याने शिक्षा व्हावी. बाकी सर्वांसाठी तुरुंगाचं दार उघडू नये. त्याऐवजी २०१७ चा कायदा कागदावरून रुग्णालयात यावा: प्रत्येक राज्यात काम करणारा लोकपाल असावा, प्रत्येक रुग्णालयात तक्रार अधिकाऱ्याचं नाव ठळक लिहिलेलं असावं, आणि परिचारिकेपासून सफाई कर्मचाऱ्यापर्यंत सर्वांना गुप्ततेचं प्रशिक्षण मिळावं. जोडीदारांना एकत्र बसवून बोलतं करणारे समुपदेशक पुरेसे असावेत आणि त्यांचे पगार वेळेवर व्हावेत. या खर्चातून जितके संसर्ग टळतील, तितके कोणत्याही खटल्याने टळणार नाहीत.

आणि वाचकाला एक विनंती. तुम्ही कधीच एचआयव्हीची चाचणी केली नसेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी, केंद्रात एकदा करून घ्या. ती मोफत आहे आणि गुप्त ठेवली जाते. लग्न ठरलं असेल तर दोघांनी आपखुशीने, एकत्र जा. शंका असेल तर १०९७ या राष्ट्रीय मोफत मदतवाहिनीवर फोन करा. आणि कुणी विश्वासाने आपली स्थिती तुमच्या कानावर घातली, तर ती तिसऱ्याला सांगू नका.